व्हिटबीच्या ढालीवरची तीन वेटोळी

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, एस्क नदी उत्तर समुद्राला मिळते तिथे, व्हिटबी हे छोटं बंदर आहे. मिरवावं असं या गावाकडे पुष्कळ आहे. जेम्स कुक १७४६ साली इथल्याच जॉन वॉकर या जहाजमालकाकडे उमेदवारीला लागला. पुढे ज्या ‘एन्डेव्हर’मधून त्याने पॅसिफिक महासागर धुंडाळला, ते जहाज म्हणजे १७६४ मध्ये इथल्याच गोदीत बांधलेलं कोळसावाहू गलबत होतं. देवमाशांच्या शिकारीत नाव काढलेले स्कोर्सबी पितापुत्र इथलेच. व्हिक्टोरियन काळात शोकप्रसंगी घालायच्या काळ्याभोर ‘जेट’च्या दागिन्यांचा व्यापार इथूनच चालायचा. १८९७ च्या कादंबरीत ब्रॅम स्टोकरने ड्रॅक्युलाला इंग्लंडच्या भूमीवर उतरवलं तेही इथेच.

गावाच्या ढालीवर मात्र यातलं काहीच नाही. जहाज नाही, देवमासा नाही. तिथे आहेत तीन वेटोळी: वर दोन, खाली एक. प्रत्येक वेटोळ्याच्या बाहेरच्या टोकाला सापाचं डोकं आहे.

याचा अर्थ गावात कुणीही सांगेल. सातव्या शतकात संत हिल्डा इथे मठ बांधायला आली, तेव्हा या कड्यावर सापांचा सुळसुळाट होता. तिने प्रार्थना केली, साप वेटोळं घालून दगड झाले आणि कड्यावरून खाली कोसळले. खालच्या किनाऱ्यावर ते दगड आजही सापडतात. पाद्र्यांपासून पर्यटकांपर्यंत सर्वांच्या तोंडी असलेली ही गोष्ट सुटसुटीत आहे. पण मागे राहिलेली कागदपत्रं काळाच्या क्रमाने लावली, की तिचे धागे सुटे होतात आणि वेगळ्याच क्रमाने जुळतात. तो क्रम मला मूळ गोष्टीइतकाच मोलाचा वाटतो.

हिल्डाबद्दलचा मुख्य साक्षीदार म्हणजे जॅरोच्या मठातला विद्वान संन्यासी बीड. त्याचा इंग्लंडच्या धर्मेतिहासाचा ग्रंथ ७३१ साली पूर्ण झाला. हिल्डा ६८० मध्ये वारली, म्हणजे दोघांत जेमतेम पन्नास वर्षांचं अंतर. बीडने चौथ्या खंडात तिला एक मोठं प्रकरण दिलं आहे आणि ते हात राखून लिहिलेलं नाही. राजा एडविनच्या पुतण्याची ती मुलगी. वडिलांवर परक्या राजाच्या आश्रयाला असताना विषप्रयोग झाला. एडविनबरोबर ६२७ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, तेहेतिसाव्या वर्षी संन्यास घेतला आणि ६५७ च्या सुमारास या कड्यावर मठ स्थापन केला. त्या जागेचं तेव्हाचं नाव होतं स्ट्रेओनेशाल्ख. स्त्रिया आणि पुरुष दोघांच्याही मठवासाची व्यवस्था तिच्या एकटीच्या हाताखाली होती. कुणाचं काही खाजगी नव्हतं, सगळं सर्वांचं. राजे तिचा सल्ला घ्यायला येत. तिच्या मठात शिकलेले पाच जण बिशप झाले. ईस्टरचा सण कोणत्या गणिताने पाळायचा याचा निवाडा करणारी ६६४ ची धर्मसभा तिच्या मठात भरली. गुरं राखणाऱ्या कॅडमनला स्वप्नात काव्य स्फुरलं, तेव्हा त्याला मठात घेऊन शिकवणारीही हीच.

बीडला चमत्कारांचं वावडं नव्हतं. हिल्डाच्या आईला पडलेलं रत्नहाराचं स्वप्न त्याने नोंदवलं आहे. हिल्डा वारली त्या रात्री दूर हॅकनेसच्या मठात बेगू नावाच्या संन्यासिनीला घंटेचा नाद ऐकू आला आणि हिल्डाचा आत्मा प्रकाशात वर जाताना दिसला, हेही त्याने आवर्जून लिहिलं आहे. सापांचा विषयसुद्धा त्याला परका नव्हता. ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तो सांगतो की आयर्लंडमध्ये साप जगत नाहीत, जहाजातून नेले तर किनाऱ्याची हवा लागताच मरतात, आणि आयर्लंडमधल्या पोथ्यांची पानं खरवडून पाण्यात घालून प्यायला दिल्यावर सर्पदंशाचे रोगी बरे झालेले आहेत. इतक्या हौसेने सापांबद्दल लिहिणारा माणूस हिल्डाच्या प्रकरणात सापाचा उच्चारही करत नाही.

मौनाचा पुरावा जपून वापरावा लागतो. एखादी गोष्ट लिहिली नाही म्हणून ती लोकांच्या तोंडी नव्हतीच, असं म्हणता येत नाही. पण इथे दुसराही एक साक्षीदार आहे, आणि तो थेट व्हिटबीचाच. आठव्या शतकाच्या सुरुवातीला याच मठातल्या एका अनामिक लेखकाने, किंवा लेखिकेने, पोप ग्रेगरीचं चरित्र लिहिलं. त्याची एकमेव हस्तलिखित प्रत स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलच्या मठात टिकली. राजा एडविनच्या अस्थी स्वप्नातल्या दृष्टान्तानुसार शोधून व्हिटबीला कशा आणल्या, ही अगदी घरची हकीकत त्यात आहे. साप तिथेही नाहीत. बीड परगावचा होता, त्याच्या कानावर गोष्ट गेली नसेल, असं एक वेळ म्हणता येईल. मठातच बसून लिहिणाऱ्याबद्दल तसं म्हणणं अवघड आहे. माझं मत स्पष्ट आहे: हिल्डाच्या हयातीनंतरच्या दोन पिढ्यांत ही कथा प्रचारात नव्हती.

मग ती कधी आली? नवव्या शतकात डेन लोकांच्या स्वाऱ्यांत मठ उद्ध्वस्त झाला आणि दोनशे वर्षं ओसाड पडून राहिला. नॉर्मन विजयानंतर विल्यमच्या सैन्यातला राइनफ्रिड नावाचा शिपाई तिथून जाताना ते अवशेष पाहून हेलावला. पुढे तो संन्यासी होऊन परत आला आणि १०७८ च्या सुमारास मठ पुन्हा उभा राहिला. ही हकीकत मठाच्याच दस्तऐवज-संग्रहात आहे. तो संग्रह जे. सी. अ‍ॅटकिन्सन यांनी संपादित करून सरटीज सोसायटीतर्फे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला. गावात सुमारे चाळीस प्रार्थनास्थळांच्या नुसत्या भिंती आणि रिकाम्या वेदी उरल्या होत्या, असं जुन्या माणसांनी सांगितल्याची नोंद त्यात सापडते. हे वर्णन वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नव्याने आलेल्या संन्याशांचा हिल्डाशी परंपरेचा कोणताही सलग धागा नव्हता. त्यांना तिची आठवण नव्याने जोडून घ्यायची होती. अशा वेळी खालच्या किनाऱ्यावर पसरलेले वेटोळ्यांचे दगड फार उपयोगी पडतात.

ढालीवरच्या चिन्हांची पद्धतच मुळी बाराव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात रुजली. आधी सरदारांनी ती घेतली, मग मठांनी आणि शहरांनी. म्हणजे हिल्डा आणि तिचं म्हणून दाखवलं जाणारं चिन्ह यांत कमीत कमी पाच शतकांचं अंतर आहे. वेटोळं घातलेले तीन साप हे आधी मठाचं चिन्ह होतं आणि गावाने ते मठाकडून घेतलं. तीनच का, याबद्दल त्रैक्यापासून बऱ्याच गूढ कल्पना लढवता येतील. मला त्यांची गरज वाटत नाही. ढाल वर रुंद आणि खाली निमुळती असते. एकच आकृती पुन्हा पुन्हा काढायची तर वर दोन आणि खाली एक अशी मांडणी ती जागा बरोबर भरते. युरोपातल्या शेकडो ढालींवर सिंह, पक्षी, फुलं आणि शिंपले असेच बसवलेले आहेत.

१५३९ च्या डिसेंबरात आठव्या हेन्रीच्या आज्ञेने मठ बरखास्त झाला. शेवटचा मठाधिपती हेन्री डेव्हल याने तो राजाच्या स्वाधीन केला, आणि जमिनी पुढे चोम्ली घराण्याकडे गेल्या. इथून पुढे मठाचं चिन्ह सांभाळायला कुणी संन्यासी उरला नव्हता. तरी ते मेलं नाही, आणि याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा अगदी क्षुल्लक वस्तूत आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये सुट्या नाण्यांची भयंकर चणचण होती. त्यामुळे गावोगावचे दुकानदार स्वतःच्या नावाचे अर्ध्या पेनीचे तांब्या-पितळेचे बिल्ले पाडून घेत. १६७२ मध्ये सरकारने तांब्याची नाणी काढेपर्यंत हा प्रकार चालला. व्हिटबीच्या अशा एका बिल्ल्यावर तीच तीन वेटोळी आहेत. तो कुणा सरदाराचा वा धर्मगुरूचा नाही, दुकानदाराचा आहे. मठ मोडल्याला शंभराहून जास्त वर्षं झालेली होती. गिऱ्हाइकाने हा बिल्ला आपल्या गावचा म्हणून ओळखावा, एवढीच दुकानदाराची अपेक्षा होती. म्हणजे तोवर हे चिन्ह मठाचं राहिलं नव्हतं, बाजाराचं आणि गावाचं झालं होतं. कोणत्याही ठरावाने हे केलेलं नाही. ते हातोहात झालं.

छापील पुराव्यात ही कथा ठळकपणे भेटते ती विल्यम कॅम्डेनच्या ‘ब्रिटानिया’त. मूळ लॅटिन ग्रंथ १५८६ चा, आणि फिलेमन हॉलंडने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १६१० चं. कॅम्डेन सांगतो की इथे वेटोळं घातलेल्या सापासारखे दगड मिळतात. पाहणाऱ्याला वाटावं की हे खरेच साप होते आणि त्यांच्यावर दगडाचं कवच चढलं. भोळे लोक याचं श्रेय हिल्डाच्या प्रार्थनेला देतात, असं म्हणून तो आपला अविश्वासही नोंदवतो. त्याच ठिकाणी तो आणखी एक समजूत देतो: हिवाळ्यात दक्षिणेकडे जाणारी रानहंसांची रांग इथल्या शेतांवरून उडताना अचानक खाली पडते, आणि तेही लोक हिल्डाच्याच प्रभावाने होतं असं मानतात. १६२२ मध्ये मायकेल ड्रेटनच्या ‘पॉली-ऑल्बियन’ या दीर्घकाव्याच्या उत्तरार्धातही दगड आणि हंस जोडीने आले आहेत.

या दोन कथांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. हंसांची गोष्ट आज व्हिटबीतही फारशी कुणी सांगत नाही आणि सापांची मात्र ढालीवर बसली. दोन्ही सारख्याच जुन्या, सारख्याच भाविक. फरक एवढाच की पडणारा हंस दाखवता येत नाही आणि दगड हातात ठेवता येतो. कथेला पुराव्याची वस्तू मिळाली की तिचं आयुष्य वाढतं.

कॅम्डेनच्याच ग्रंथात दुसरी एक नोंद आहे. ती न वाचल्यामुळे पुष्कळजण व्हिटबीची कथा व्हिटबीपुरतीच समजतात. इंग्लंडच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिस्टलजवळ केन्शम नावाचं गाव आहे. तिथेही तसेच दगड सापडतात आणि तिथेही तीच कथा सांगितली जाते. फक्त संत निराळी: केइना. केन्शमचा असा एक दगड आपण पाहिला, त्याच्या बाहेरच्या कडेला ओबडधोबड का होईना डोकं होतं आणि शेपटी मध्यभागी होती, असंही कॅम्डेन लिहितो. दोन संतांचा एकमेकींशी संबंध नाही, दोन गावांचाही नाही. सामाईक आहेत ते फक्त दगड. कथा संतांच्या चरित्रातून निघाली नसून दगडांतून निघाली, आणि जिथे जी संत होती तिच्या पदरी पडली, याला याहून चांगला आधार मला माहीत नाही.

ते दगड म्हणजे अ‍ॅमोनाइट. माखली आणि नॉटिलस यांच्या गोतातल्या, कवचात राहणाऱ्या, केव्हाच लोप पावलेल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म. व्हिटबीचा कडा ज्युरासिक काळातल्या गाळाच्या खडकाचा आहे, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. याच खडकातून तुरटी काढण्याचा धंदा सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८७१ पर्यंत या किनाऱ्यावर चालला. कुदळी चालत होत्या आणि वेटोळी बाहेर पडत होती. विद्वानांचं त्यांच्याबद्दल एकमत नव्हतं. रॉबर्ट हूकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त केन्शमच्या दगडांचा विचार करून ही प्राण्यांची कवचं असल्याचं सांगितलं. उलट यॉर्कचा वैद्य मार्टिन लिस्टर याने १६७१ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं की शिंपल्यासारखे दिसणारे दगड कधीच प्राण्यांचे भाग नव्हते, ते खडकातच तसे घडले. लिस्टरला आज हसणं सोपं आहे. पण प्रत्येक खाणीतले आकार वेगळे असतात आणि जिवंत प्राण्यांत त्यांची जोडी सापडत नाही, हे त्याचं निरीक्षण चोख होतं. जोडी सापडत नाही कारण ते प्राणी उरलेच नाहीत, हा विचार रुजायला अजून शतकभर अवकाश होता.

गावाचा इतिहास दोघांनी कष्टाने लिहिला. लायोनेल चार्ल्टनने १७७९ मध्ये आणि जॉर्ज यंग या प्रेस्बिटेरियन पाद्र्याने १८१७ मध्ये. यंगने १८२२ मध्ये चित्रकार जॉन बर्डबरोबर यॉर्कशायर किनाऱ्याची भूशास्त्रीय पाहणीही प्रसिद्ध केली. मठाची कागदपत्रं आणि कड्याचे खडक, दोन्ही एकाच माणसाने वाचलेले असणं ही व्हिटबीच्या भाग्याची गोष्ट म्हणावी लागेल. परंतु लोकांच्या मनावर ठसा उमटला तो निराळ्याच पुस्तकाचा. १८०८ मध्ये वॉल्टर स्कॉटचं ‘मार्मियन’ आलं. त्यात व्हिटबीच्या संन्यासिनी आपल्या संतेचा महिमा सांगताना सापांची गोष्ट सांगतात. पुस्तक देशभर गाजलं, आणि गोष्ट ऐकून आलेल्या पाहुण्यांना तिचा पुरावा विकत हवा होता.

इथेच अडचण होती. खडकातून निघालेल्या वेटोळ्याला डोकं नसतं. त्याचं स्पष्टीकरण देणारी जोडकथाही तयार झाली: संत कथबर्टच्या शापाने सापांची डोकी गळाली. पण ढालीवर डोकी होती. गावातल्या कारागिरांनी मग हातात छिन्नी घेतली आणि दगडाच्या बाहेरच्या टोकाला डोळे आणि तोंड कोरून द्यायला सुरुवात केली. यासाठी ते मुख्यतः डॅक्टिलिओसेरस प्रजातीचे अ‍ॅमोनाइट निवडत, कारण त्यांच्या जवळजवळ आलेल्या कंगोऱ्यांमुळे अंग सापासारखं दिसतं. असे कोरीव दगड लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि खुद्द व्हिटबीच्या संग्रहालयात आहेत. मी त्यांना बनावट म्हणणार नाही. तेही दस्तऐवजच आहेत. आधी दगडावरून कथा झाली, कथेवरून चिन्ह झालं, आणि शेवटी चिन्हाबरहुकूम दगड घडवले गेले, हे त्यांच्यावरच्या छिन्नीच्या खुणा सांगतात. आणखी एक: कारागिरांनी डोकं बसवलं ती जागा चुकीची नव्हती. कवचाचा बाहेरचा शेवटचा कप्पा हेच त्या प्राण्याचं राहण्याचं ठिकाण, आणि त्याचं खरं डोकं तिथूनच बाहेर येत असे. मऊ असल्यामुळे ते दगडात उतरलं नाही.

मराठी वाचकाला इथे आपला देव्हारा आठवल्याशिवाय राहणार नाही. शाळिग्राम म्हणजेही अ‍ॅमोनाइट. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात सापडणारे, हिमालयातल्या काळ्या शेलमधून सुटलेले गोटे. व्हिटबीच्या दगडांहून ते काही कोटी वर्षांनी अलीकडचे. तुळशीच्या लग्नात जो शाळिग्राम नवरदेव म्हणून उभा राहतो, त्यामागेही शापाने दगड होण्याचीच कथा आहे: वृंदेने विष्णूला दिलेला शाप. आतली वळणं वज्रकीट नावाच्या किड्याने कोरली, असा खुलासाही परंपरा देते. दोन्हीकडे दगड आधी, कथा मागून. पण दगडाला मिळालेली वागणूक किती वेगळी! आपण त्या वळणांत सुदर्शन चक्र पाहिलं. चक्राला डोकं लागत नाही, त्यामुळे शाळिग्राम आहे तसाच पूर्ण ठरला. त्याला टाकीचा घाव घालायचा नाही, त्याची प्राणप्रतिष्ठाही करावी लागत नाही. व्हिटबीने त्याच वळणात साप पाहिला आणि त्याच क्षणी दगड अपुरा ठरला. आकार एकच होता. एका ठिकाणी त्याचं नाव त्याला पुरलं, दुसऱ्या ठिकाणी त्यातलं उणं कथेने आणि छिन्नीने भरून काढावं लागलं. चिन्हाचा अर्थ वस्तूत किती असतो आणि पाहणाऱ्याकडून किती येतो, हे समजून घ्यायला मला ही जोडी फार मोलाची वाटते.

विसाव्या शतकात व्हिटबीच्या नगर परिषदेने तीन वेटोळी आपल्या अधिकृत चिन्हात घेतली. तोवर त्यांचा अर्थ गावात सर्वमान्य होता, म्हणून नव्याने काही ठरवावं लागलं नाही. ती परिषद १९७४ च्या पुनर्रचनेत स्कारबरो बरोमध्ये विलीन झाली. स्कारबरो बरोही २०२३ मध्ये बरखास्त होऊन नॉर्थ यॉर्कशायरमध्ये मिसळली. कारभाराच्या चौकटी बदलत गेल्या आणि वेटोळी गावाकडेच राहिली. मठ बुडाला तेव्हाही हेच झालं होतं.

भूशास्त्राने सापांची कथा सोडली, हिल्डाला सोडलं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन संशोधक अल्फियस हायट याने व्हिटबीच्या खडकांत मुबलक मिळणाऱ्या एका अ‍ॅमोनाइट प्रजातीला ‘हिल्डोसेरस’ नाव दिलं. तिचीच ‘बायफ्रॉन्स’ ही जात ज्युरासिक काळातला एक ठरावीक टप्पा ओळखण्यासाठी खूणगाठ म्हणून वापरतात. फ्रान्समध्ये, इटलीत किंवा मोरोक्कोत एखाद्या थरात ती सापडली, तर तो थर व्हिटबीच्या कड्याच्या वयाचा आहे हे तिच्यावरून ठरतं.